खिडकीबाहेरचं चित्र

दुलंगे शेठनी पिशवीतून टॉवेल काढला, कुरापाटी साहेबांच्या टेबलावर पसरला आणि मोराच्या पिसाऱ्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे ओ?"

आम्ही वाकून बघितलं. मोर झकास उतरला होता. हिरवा, निळा, कडेला जरा जांभळा. पण पिसाऱ्याच्या मधोमध एक करडा चौकोन होता. वर निळी पट्टी, पट्टीच्या टोकाला फुली, खाली एक बटण आणि बटणावर इंग्रजीत 'ओके'. सगळं दोऱ्यानं विणलेलं. प्रिंटरमधला कागद संपल्याची पाटी टॉवेलवर आली होती, तीही इतकी सुबक की अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

"हॉटेलवाल्यानं सगळा माल परत पाठवला," शेठ म्हणाले. "विचारतो, गिऱ्हाइकानं अंग पुसायचं की ओके दाबायचं?"

मला हसू आलं, ते मी खोकल्यात घालवलं. कुरापाटी साहेबांना अजिबात हसू आलं नव्हतं. कंपनी त्यांची होती. त्यांनी येमूल सरांकडे बघितलं. सर उठले, मागे भिंतीला टेकेपर्यंत गेले, डोळे बारीक करून टॉवेल न्याहाळला आणि म्हणाले, "विणकाम चांगलं आलंय."

ह्या माणसाचं करावं तरी काय, असा प्रश्न मला त्या काळात दिवसातून एकदा तरी पडायचाच. त्या दिवशी तो सकाळीच पडला.

ही गोष्ट सोलापुरातली, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली. आमची कंपनी टॉवेल-चादरींच्या कारखान्यांसाठी नक्षीचं सॉफ्टवेअर बनवायची. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, ती तारेवरून मागाकडे सोडायची आणि मागानं ती विणायची. हे सगळं ज्याच्यावर उभं होतं ते टूलकिट येमूल सरांनी एकट्यानं लिहिलेलं. टूलकिट म्हणजे तयार भागांची पेटी: खिडकी, बटण, मेनू, रंगांची पट्टी, जे लागेल ते त्यातून उचलायचं. सरांनी त्याचं नाव 'पटल' ठेवलं होतं आणि आतल्या भागांनाही मराठी नावं दिली होती. खिडकी, चित्र, रंग, चौकट.

घोळ असा होता की पटलमध्ये चित्राला स्वतःचं घरच नव्हतं. चित्र राहायचं खिडकीत. चित्र हवं असेल तर आधी पडद्यावर खिडकी उघडायची, मग त्या खिडकीला म्हणायचं, मला एक चित्र दे. मागाकडे नक्षी सोडतानाही प्रोग्राम ती खिडकीतूनच वाचून घ्यायचा. वाचताना खिडकीवर दुसरी एखादी पाटी येऊन बसली, तर तीसुद्धा वाचून घ्यायचा. मग टॉवेलवर ओके.

मी हे शेठना समजावून सांगितलं. शेठ शहाणे होते, त्यांना लगेच कळलं.

"म्हणजे चित्र खिडकीतनं बाहेर काढलं की झालं?"

"हो," मी म्हणाले.

"नाही," सर म्हणाले.

साहेबांनी दोघांकडेही दुर्लक्ष केलं. "झालंच म्हणून समजा, शेठ."

"मग ऐका," शेठ म्हणाले. "खंडेनवमीला माझे नवे माग सुरू व्हायलेत. पहिलं विणायचंय ते आमच्या अप्पांचं चित्र, भिंतीवर लावायला. पूजेच्या आधी माग चालवून ते काढायचं. शेडमध्ये मला पडदा नको, ऑपरेटर नको, ओके नको. नुसता डबा ठेवायचा, त्यानं नक्षी मागाला द्यायची. हे जमलं तर माझे बाकीचे माग तुमच्याकडं. नाही जमलं तर राम राम."

शेठ गेल्यावर साहेबांनी मला थांबवलं. "वासंती, दार लाव."

मी दार लावलं.

"परदेशी टूलकिटवाल्यांशी माझं बोलणं झालंय. त्यांच्यात चित्र वेगळं, खिडकी वेगळी, सगळं आयतं आहे. खंडेनवमीला डबा चालला तर आपलं पटल राहील. नाही चालला तर मी पटल बंद करतो. आणि पटल बंद झालं तर येमूल सरांना मी काम काय देऊ, तूच सांग."

"सर दुसरं काहीतरी…"

"दुसरं काय? सगळी हयात एका पेटीत घालवली त्यांनी. ह्या वयात कोण घेणार त्यांना? हे त्यांना सांगू नकोस. तू कर."

मी बाहेर आले तेव्हा सर खिडकीचा कोड उघडून बसले होते आणि तो कौतुकानं वाचत होते.

मला त्यांचं देणं होतं, असं म्हणायला हरकत नाही. गणिताची पदवी घेऊन मी टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवत होते, तिथून त्यांनी मला उचललं. नव्या मुलीला कोड कशाला दाखवता, असं ऑफिसात सगळे म्हणत असताना त्यांनी पटलची किल्ली माझ्या हातात दिली. रविवारीही ते ऑफिसला यायचे, कारण घरी त्यांना सुचायचं नाही. हा माणूस घरी बसला तर वर्षभरात संपेल, अशी मला खात्री होती. म्हणून मी कामाला लागले आणि म्हणूनच पुढचे दिवस माझं डोकं फिरायची पाळी आली.

चित्र बाहेर काढायला गेले तर कळलं की ते एकटं येत नाही. चित्राला रंग लागतो. रंग कुठं ठेवलाय, तर खिडकीत. नुसता लाल रंग हवा असला तरी आधी खिडकी उघडा. चित्राला चौकट लागते. चौकट म्हणजे काय, तर चार आकडे: आडवं कुठून, उभं कुठून, किती रुंद, किती उंच. पण सरांच्या चौकटीला माउस कुठे आहे ते माहीत असायचं. अक्षरांच्या वळणाला, म्हणजे फॉन्टला, कुठलं बटण दाबलंय ते माहीत असायचं. एक दोरा ओढावा तर अख्खी चादर उसवत यायची. तरी दिवसभर खपून मी चौकट आणि रंग सोडवले, वेगळ्या जागी नीट मांडून ठेवले आणि शांतपणे घरी गेले.

सकाळी येऊन बघते तर चौकट परत खिडकीत.

त्या काळी आमचा सगळा कोड एकाच मशीनवर असायचा. शेवटी ज्यानं ठेवला त्याचा खरा.

"सर, तुम्ही चौकट परत आत घातलीत?"

"तिथलीच आहे ती."

"चार आकडे आहेत, सर. त्यांना माउस कुठे आहे हे कशाला कळायला हवं?"

"कळलं तर बिघडलं काय?"

मी पुन्हा काढली. सरांनी पुन्हा घातली. मी चित्र काढलं. दुसऱ्या दिवशी चित्र आत, वर एक टीप लिहिलेली: 'चित्र खिडकीतच ठेवावे. न. ये.' न. ये. म्हणजे नरसिंग येमूल. समोरच्याच खुर्चीत बसलेला माणूस मला टीप लिहून सांगत होता. मी टीप पुसली, चित्र काढलं. जेवून आले तर टीप हजर, ह्या वेळी 'कृपया'सकट.

आधी मी समजुतीनं घेतलं. मग वाद घातला. मग बोलणं बंद केलं, पण ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. साहेब येता-जाता विचारायचे, "कुठवर आलं?" आणि मी म्हणायचे, "होतंय." काय होतंय, माझं कपाळ. बुडणाऱ्याला हात द्यावा आणि त्यानं आपलीच बोटं एकेक करून सोडवावीत, असं चाललेलं.

खंडेनवमी चार दिवसांवर आली तेव्हा माझा धीर सुटला. दुपारची वेळ होती. सरांनी जेवणाचा डबा उघडला होता. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर तेलाची धार. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"मला नको."

"घे. चटणी तिखट आहे, तुला आवडेल."

"सर, मागाचा डबा चालला नाही तर साहेब पटल बंद करणारेत. परदेशी टूलकिट घेणारेत. तुम्हाला घरी बसवणारेत. तुम्हाला सांगू नकोस म्हणाले होते, पण मी सांगतेय, कारण माझ्यानं आता होत नाही."

सरांनी चटणीत तुकडा बुडवला. "माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"साहेब दार लावून बोलले म्हणजे दुसरं काय असणार?"

"मग तुम्ही हे का करताय? तुमच्यासाठी मरमर मरतेय मी, आणि तुम्ही रोज संध्याकाळी सगळं होतं तसं करून ठेवता. कारण तरी सांगा."

"बघितल्याशिवाय सोडायचं नाही," सर म्हणाले. "पडद्यावर आलेलं नाही ते चित्र मागाकडे जाता कामा नये. मी मुद्दाम तसं बांधलंय. खिडकीशिवाय चित्र होतच नाही. म्हणजे बघावंच लागतं."

माझा आवाज चढला. शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबलेलं मला ऐकू आलं, पण मी थांबले नाही.

"कोण बघतं, सर? त्या टॉवेलच्या वेळी खिडकी उघडी होती ना? चित्र पडद्यावर होतं ना? तुमचा नियम पाळलाच होता की त्यानं. समोर ऑपरेटर बसला होता. पिसाऱ्यावर पाटी आली, त्याच्या डोळ्यांपुढे, आणि त्यानं माल सोडून दिला. खिडकी उघडली म्हणजे कोणी बघितलं असं होत नाही. तुम्ही नुसती खिडकी उघडायला लावलीत. बघायला नाही लावलंत."

उरलेली भाकरी सरांनी फडक्यात बांधली, डबा धुवायला नेला आणि बराच वेळ नळापाशी उभे राहिले. मला वाईट वाटलं. पण रागही गेला नव्हता, त्यामुळे मी तशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भीत भीत कोड उघडला. चित्र बाहेर होतं. रंग बाहेर, चौकट बाहेर, मला न सुटलेलं अक्षरांचं वळणसुद्धा बाहेर, आणि सगळं इतकं स्वच्छ सोडवलेलं की माझं आदल्या दिवसापर्यंतचं काम मला गबाळं वाटायला लागलं. टीप नव्हती.

"सर…"

"तुझं बरोबर आहे," ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "खिडकीचा त्याच्याशी संबंध नाही. पण मग आता बघणार कोण?"

खरं तर मी तिथं त्यांना नमस्कार करायला हवा होता. पण इतक्या दिवसांच्या वैतागानंतर जिंकल्यावर माणूस काय नमस्कार करणार.

"आकडे बघतील," मी म्हणाले. "जुन्या पद्धतीनं आणि नव्या पद्धतीनं तेच चित्र घ्यायचं. कुठल्या रंगाचे किती ठिपके ते मोजायचं. जुळलं की झालं."

मोजले. अप्पांच्या फोटोवरून केलेली नक्षी दोन्हींकडून काढली, ठिपके मोजले, रंग न् रंग जुळला. साहेबांनी मला पेढा दिला. सरांनी अर्धाच घेतला आणि म्हणाले, "आकडे जुळले हे ठीक."

खंडेनवमीच्या दिवशी दुलंगेंच्या शेडमध्ये लग्नघर होतं. नव्या मागांना झेंडूच्या माळा, बाजूला केळीचे खुंट, पाहुणे, व्यापारी, पूजेला आलेले स्वामी. मागाच्या पायाशी आमचा डबा. बूट ठेवायच्या खोक्याएवढा, ना पडदा, ना कळफलक. पूजा झाली की यंत्रं दसऱ्यापर्यंत बंद राहणार, म्हणून विणायचं ते आधीच विणायचं होतं. शेठच्या आई, सगळे त्यांना अव्वा म्हणायचे, पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या. पांढरं लुगडं, कपाळावर विभूती. अप्पा जाऊन बरेच दिवस झाले होते. त्यांचं चित्र विणून निघणार म्हणून त्या सकाळपासून जेवल्या नव्हत्या.

शेठनी मागाची कळ दाबली. डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला. माग धडधडायला लागला आणि कापड इंचाइंचानं पुढे सरकू लागलं. टोपी, कपाळ, भुवया. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काम झाल्यावर शेठनी ते कापून घेतलं, दोन्ही हातांनी वर धरलं, आणि शेडभर 'वा' उमटली. अप्पाच होते. तीच टोपी, तोच कोट, तोच तीळ. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. माझे डोळे भरून आले. सुटलो, असं मला वाटलं. सर सुटले.

"शेठ, ते दाराला लावता का जरा?" सर म्हणाले.

"कशाला?"

"अव्वांना लांबून बघू द्या."

"अहो, समोर बसून बघितलं की त्यांनी."

"समोर बसून नाही. अंगणाच्या पलीकडून."

साहेबांनी मला कोपरानं ढोसलं. मी सरांच्या बाहीला धरून हळू आवाजात म्हणाले, "सर, पाया पडते, आज नको. झालंय आपलं काम. पूजा होऊ द्या."

"दोन मिनिटं," सर म्हणाले आणि त्यांनी अव्वांपुढे हात केला. ती बाई उठलीसुद्धा. स्वामी घड्याळ बघत होते. शेठचा चेहरा लाल झाला होता, पण आईला नाही कसं म्हणणार? दाराला कापड टांगलं. सर अव्वांना धरून अंगणाच्या पलीकडच्या चिंचेपाशी घेऊन गेले. मी मनातल्या मनात सरांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

अव्वा बघत राहिल्या. मग डोळ्यांवर आडवा हात धरून पुन्हा बघितलं. मग हळूहळू चालत परत आल्या आणि कापडावरच्या गालाला बोट लावलं.

"तीळ हितं न्हवता."

"अव्वा, फोटोत आहे की," शेठ म्हणाले.

"फोटोत असंल. माझ्या मालकांचा डाव्या गालाला होता. हा उजव्या गालाला आलाय. आणि कोटाची बटणं बग, उलट्या अंगाला, बाईच्या झंपरासारकी."

शेठनी ऑफिसातला फोटो आणायला माणूस पळवला. फोटो कापडाशेजारी धरला, आणि मग ते सगळ्यांनाच दिसायला लागलं. चेहरा तोच होता, पण आरशातला. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. पूजेच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, बापाचा चेहरा आम्ही उलटा विणला होता.

ठिपके तर सगळे जुळले होते. जुळणारच. चित्र उलटं केलं म्हणून त्यातले ठिपके कमी-जास्त होत नाहीत. मी मोजले होते, बघितलं नव्हतं.

"खिडकीत होतं ते," सर माझ्या कानाशी म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता. "फाइलीत चित्र खालून वर साठवलेलं असतं. खिडकी ते दाखवताना सरळ करायची. मीच लिहिलं होतं कधीतरी, तिथंच एका कोपऱ्यात. चित्र बाहेर काढलं, ते तिथंच राहिलं."

खालचं वर झालं की कापड नुसतं फिरवून सरळ दिसतं, पण फिरवताना डावं-उजवं बदलतं. म्हणून कुणाला कळलं नव्हतं. दुरुस्ती एका ओळीची होती. फक्त ती ओळ लिहायला पडदा हवा होता, आणि आम्ही अभिमानानं बिनपडद्याचा डबा आणला होता.

शेठच्या ऑफिसात कॉम्प्युटर होता. त्याला मुनीमजींनी पहाटेच हळद-कुंकू लावून, हार घालून ठेवलं होतं.

"पूजा झालेलं यंत्र आज हलवायचं न्हाई," मुनीमजी दारात आडवे झाले.

"हलव रे," अव्वा म्हणाल्या. "मालक उलटे राहिलेले देवाला चालतात व्हय?"

हारासकट मॉनिटर आणि कळफलक आणून डब्याला जोडला; पटलचा कोड डब्यात होताच. मी शेडमध्ये जमिनीवर मांडी घालून बसले. हार सारखा पडद्यावर लोंबायचा आणि सर तो हातानं वर धरून उभे. मी ती ओळ खिडकीतून उचलली आणि चित्रात नेऊन ठेवली. ती पहिल्यापासून तिथलीच होती. माग पुन्हा चालला. ह्या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कापड निघालं तसं अव्वा न सांगता उठल्या, चिंचेपाशी गेल्या आणि तिथून हात वर केला.

"हां. हे आमचे."

मग त्या तिथंच, चिंचेच्या पारावर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. पूजा थोडी लांबली. स्वामी थांबले.

परत येताना गाडीत कुरापाटी साहेब सरांना म्हणाले, "चारचौघांत शोभा केलीत आपली. पूजा झाल्यावर सांगता आलं नसतं?"

"पूजा झाल्यावर ते भिंतीवर लागलं असतं," सर म्हणाले. "अव्वांनी रोज बघितलं असतं. काहीतरी चुकलंय असं वाटलं असतं, काय ते कळलं नसतं."

मग सर आपणहून सांगायला लागले. त्यांचे वडील कागदावर चौकोन भरून नक्षी आखायचे. त्या काळी नक्षीचा कागद पुरा झाला की तो कारखान्याच्या दाराला टांगायचे. बघायचं ते आखणाऱ्यानं नाही, दुसऱ्या कुणीतरी, आणि अंगणापलीकडून. जवळून चौकोन दिसतात, लांबून मोर दिसतो. पलीकडच्यानं 'सोडा' म्हटल्याशिवाय मागाला नक्षी सांगणाऱ्या कार्डांना भोकं पाडायला घ्यायचे नाहीत.

"कॉम्प्युटर आला, तेव्हा वाटलं, आता दार कुठून आणू?" सर म्हणाले. "म्हणून ते खिडकीला बांधून टाकलं."

हे त्यांनी मला आधी का सांगितलं नाही, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. इतके दिवस 'कृपया' लिहीत बसले, त्यापेक्षा हे दोन शब्द बोलले असते. पण ते बाहेर बघत होते, म्हणून मी गप्प बसले.

संध्याकाळी शेठचा फोन आला. साहेबांनी मुद्दाम आम्हा दोघांना बोलावून स्पीकर लावला.

"बाकीचे माग तुमच्याकडं," शेठ म्हणाले. "पण एक अट आहे. तुमचा तो भिंतीला टेकणारा माणूस प्रत्येक नव्या नक्षीला माझ्याकडं यायला पाहिजे. अव्वा म्हणाल्या, त्याला सोडू नका."

साहेबांनी फोन ठेवला आणि सरांकडे बघून नुसते हात जोडले. मी मात्र संतापाचं काय करावं ते न सुचून तिथंच उभी राहिले. ज्या हट्टापासून मी ह्या माणसाला वाचवायला निघाले होते, त्याच हट्टानं त्याला वाचवलं होतं.

दसऱ्यानंतर ऑफिसला गेले तर सरांनी कोडमध्ये पुन्हा हात घातलेला. पण चित्र खिडकीत गेलं नव्हतं. ते बाहेरच होतं, फक्त त्याला एक जागा वाढवली होती: बघणाऱ्याचं नाव. ती जागा रिकामी असेल तर चित्र मागाकडे जायचं नाही. पडदा असो वा नसो.

"ह्याला खिडकी लागत नाही," सर म्हणाले. "माणूस लागतो. आता बरोबर वेगळं झालं ना?"

अप्पांचं चित्र उघडून बघितलं. तिथं लिहिलं होतं, 'अव्वा दुलंगे'.

सर शेवटपर्यंत कामावर होते. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कुरापाटी साहेबांनी कंपनी पुण्याच्या लोकांना दिली, पटलचं नाव बदललं, मी सरांच्या खुर्चीत बसते. खिडकीचा कोड आम्ही निदान तीनदा फेकून नवा लिहिला. चित्राला त्याचा पत्ताही लागला नाही. ते आपल्या घरी सुखात आहे.

फक्त ती नावाची जागा आहे, आणि तिच्यावरून ऑफिसात रोज कटकट आहे. मॅडम, ह्यानं काम अडतं. मॅडम, परदेशातल्या टूलकिटमध्ये असलं काही नसतं. कारखान्यांतले ऑपरेटर तिथं काहीही लिहितात. परवा एका गिरणीतून आलेल्या सगळ्या नक्ष्यांवर बघणाऱ्याचं नाव 'ओके' होतं. मी फोन करून त्यांना इतकं झापलं की माझा रक्तदाब वाढला. आमच्याकडची पोरं माझ्या नावानं बोटं मोडतात, मला ठाऊक आहे. त्यांनी ती जागा दोनदा गुपचूप काढून टाकली, मी दोनदा परत घातली. टीप लिहायचं तेवढं टाळलं.

गेल्या आठवड्यात नवीन आलेली जुई माने माझ्याशी भांडायलाच आली. हुशार मुलगी आहे, तिच्याशी वाद घालायला मला वेळ नव्हता. मी तिच्याच नक्षीचा कागद छापला, दाराला चिकटवला आणि तिला पॅसेजच्या पार टोकाला पाठवलं.

"मॅडम, ह्यात काहीही चुकलेलं नाही," ती तिथून ओरडली.

"मग घाल तुझं नाव."

ती आली, खुर्चीत बसली, दोन अक्षरं टाइप केली. मग हात थांबला. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दाराकडे, आणि उठून पुन्हा पॅसेजच्या टोकाला गेली.